कळ की लाट? : सुखद बाळंतपणाच्या कथा वाचताना

आजचा विषय कळल्यावर काही जणांनी विचारलं की तत्त्वज्ञानाच्या माणसाने बाळंतपणावर बोलायचं म्हणजे काय? त्यात आम्ही पुरुष. शंका रास्त आहे. पण आपण आज बाळंतपणावर नव्हे, बाळंतपणाच्या कथांवर बोलणार आहोत. कथा एकदा सांगितली की ती ऐकणाऱ्याचीही होते, आणि ऐकणाऱ्याला ती तपासायचा अधिकार मिळतो. तेवढ्याच अधिकारावर पुढचं बोलणं आहे.

या कथा आता पुण्यात पुष्कळ ऐकू येतात. कोथरूड, औंध, बाणेर इकडच्या नोकरदार मुली सहाव्या-सातव्या महिन्यात हिप्नोबर्थिंगचा क्लास लावतात आणि बाळ झाल्यावर आपला अनुभव लिहून काढतात. (संमोहन-प्रसूती असा मराठी शब्द करता येतो, पण तो कोणी वापरत नाही.) आमच्या जुन्या विद्यार्थिनींनी अशा कथा आम्हाला वाचायला दिल्या. वीस-पंचवीस वाचल्यावर एक साचा दिसू लागतो. आधी भीती : मावशीने सांगितलेली हकिकत, सिनेमातल्या किंकाळ्या. मग क्लास : श्वास, अंग सैल सोडणं, रोज रात्री कानात लावायचं ध्वनिमुद्रण, स्वतःला ऐकवायची धीराची वाक्यं. मग तो दिवस : बराच वेळ घरीच शांतपणे काढला, दवाखान्यात पोचेपर्यंत गर्भाशयाचं तोंड चांगलंच उघडलं होतं, नर्सला खरं वाटेना. दिवे मंद केले, नवरा पाठ चोळत होता, बाळ छातीवर आलं. आणि शेवटी बहुधा असं, की पुन्हा हे करायला मी तयार आहे.

साचा आहे म्हणून कथा खोटी ठरत नाही. संतचरित्रांनाही साचा असतो, प्रवासवर्णनांनाही असतो. फक्त साचा दिसला की एक प्रश्न विचारायचा असतो : त्यात जे बसत नाही, ते कुठे जातं?

तिकडे वळण्याआधी या कथांनी मराठीला काय दिलं ते पाहू, कारण ते थोडं नाही. आपल्या भाषेतली बाळंतपणाची क्रियापदं बघा. ‘तिला मुलगा झाला.’ इथे बाई चतुर्थीत, कर्ता मुलगा. ‘तिची सुटका झाली.’ कशातून झाली, कोणी केली, पत्ता नाही. ‘ती बाळंत झाली.’ इथे ती कर्ती आहे खरी, पण होण्याची, करण्याची नव्हे. ‘पहिलं बाळंतपण आईने केलं, दुसरं सासूबाईंनी.’ म्हणजे बाळंतपण करणारी भलतीच, आणि बाळंतीण म्हणजे जिचं करायचं ती. अलीकडे ‘डॉक्टरांनी सिझर केलं’. एवढ्या मोठ्या कामात जी राबते, तिला आपल्या रोजच्या वाक्यात करणारीची जागा क्वचित मिळते. ‘जन्म देणे’ आहे, पण ते पुस्तकी. आजी दारात येऊन शेजारणीला ‘सुनेने जन्म दिला’ असं सांगत नाही.

या कथांत मात्र पानभर ‘मी’ आहे. मी थांबले, मी श्वास सोडला, मी कूस बदलली, मी नको म्हटलं. हे मराठी गद्यात नवीन आहे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, ते मूल दहा दिवसांत गेलं, आणि त्यातून त्यांची डॉक्टर होण्याची जिद्द उभी राहिली, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जो प्रबंध दिला त्याचा विषय होता ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’. म्हणजे ग्रंथांतलं बाळंतपण. पुढच्याच वर्षी त्या याच पुण्यात वारल्या. आजच्या मुली ग्रंथ बाजूला ठेवून स्वतःचं सांगतात. ज्याला हे क्षुल्लक वाटत असेल त्याने आपल्या आईला एकदा तिच्या बाळंतपणाविषयी विचारून पाहावं. ती दोन वाक्यांत आटोपते आणि डिंकाच्या लाडवांवर येते.

आता वादाचा मुद्दा. हिप्नोबर्थिंग हे नाव १९८९ मध्ये अमेरिकेत मेरी मोंगन या बाईंनी रूढ केलं. त्या पद्धतीचा एक खांब म्हणजे शब्दांची अदलाबदल. कळ म्हणायचं नाही, ‘सर्ज’ म्हणायचं. आपल्याकडच्या कथांत तिची ‘लाट’ होते. दुखणं म्हणायचं नाही, दाब म्हणायचा. जोर काढायचा नाही, बाळाला श्वासाने खाली सोडायचं. भाषेने अनुभव घडतो, हे त्यामागचं गृहीतक.

आम्ही हे हसून सोडून देणार नाही. भाषेने अनुभव घडतो हे काही अंशी खरंच आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये वेदनेचा ‘दरवाजा’ सिद्धान्त मांडला. इजा झालेल्या जागेपासून मेंदूपर्यंत वेदना ही तारेतून जाणाऱ्या विजेसारखी सरळ जात नाही. वाटेत मज्जारज्जूत दरवाजे असतात आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते उघडतात, मिटतात. म्हणजे भीती, लक्ष, अपेक्षा यांचा वेदनेत खरा वाटा आहे. वेदना-अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटनाही व्याख्या करताना वेदनेला संवेदना आणि भावना दोन्ही म्हणते. आपल्याकडे बौद्धांनी तर दोन बाणांचा दृष्टान्त देऊन ठेवलाय : एक बाण अंगात घुसतो, तो चुकत नाही, दुसरा आपण आपल्या मनात मारून घेतो. ‘वेदना’ हा शब्दच बघा. मूळ विद् धातू, जाणण्याचा. बौद्ध परिभाषेत सुखाचीही वेदना असते. मराठीत येईपर्यंत तो दुःखापुरता आकसला, आणि बाळंतिणीच्या ‘वेणा’ त्याच घराण्यातल्या. तेव्हा जाणणं आणि दुखणं यांची गाठ आपल्या भाषेने आधीच बांधून ठेवली आहे. ती अमेरिकेतून आणावी लागली नाही.

पण शब्द बदलणं आणि शब्द काढून घेणं यात फरक आहे. विट्गेन्श्टाइनने वेदनेच्या शब्दांविषयी एक साधी गोष्ट दाखवली. मूल पडतं, रडतं. मोठी माणसं त्याला ‘दुखतंय’ म्हणायला शिकवतात. तो शब्द रडण्याच्या जागी येतो. म्हणजे ‘दुखतंय’ हे एखाद्या आतल्या वस्तूचं वर्णन नाही, ती हाक आहे. ऐकणाऱ्याने काही करावं म्हणून दिलेली. आता प्रसूतीच्या खोलीत शिरा. तिथे हा शब्द तिच्या हाती असलेलं जवळजवळ एकमेव साधन असतं. अंगात काय चाललंय हे तिला आतून कळतं, बाकीच्यांना फक्त यंत्रावरची रेघ दिसते. ती ‘लाट आली’ म्हणाली तर सगळे कौतुकाने पाहतील. ती ‘हे दुखणं वेगळं आहे’ म्हणाली तर कोणीतरी उठून हात लावून बघेल. बाई अडली आहे हे कळायचं तर तो दुसरा शब्द जिवंत राहायला हवा.

आणखी एक आहे. शब्द काढून घेतला की ज्याला तो लागतो, तो नापास ठरतो. आमची एक माजी विद्यार्थिनी, अत्यंत हुशार, तिने सगळा क्लास मन लावून केला. चौदा तासांनंतर बाळाचे ठोके खाली जाऊ लागले आणि सिझर झालं. बाळ उत्तम, ती उत्तम. दोन महिन्यांनी भेटायला आली तेव्हा बाळाविषयी थोडं बोलली आणि मग खाली बघत म्हणाली, की आपल्याला श्वास नीट साधला नाही, मध्ये आपण घाबरलो, म्हणून असं झालं. बाळाची मान कशी वळली होती हे डॉक्टरांनी तिला चित्र काढून समजावलं होतं. तरी ती स्वतःच्या मनाकडे बोट दाखवत होती. तिने आपली कथा लिहिली नाही. आम्ही मघाशी विचारलं होतं ना, साच्यात न बसणारं कुठे जातं? ते असं गप्प बसतं.

हे क्लासवाल्या बाईंनी तिला शिकवलं असेल असं नाही. बहुतेक क्लास ‘जसं होईल तसं स्वीकारा’ असंही सांगतात. पण सिद्धान्ताचा कल आपलं काम करतो. भीतीमुळे ताण, ताणामुळे वेदना, हा त्रिकोण इंग्लंडच्या ग्रँटली डिक-रीड या डॉक्टरांचा. १९३३ चं त्यांचं पहिलं पुस्तक, आणि पुढे ‘भयाविना प्रसूती’ या अर्थाच्या नावाने गाजलेलं १९४२ चं पुस्तक. लंडनच्या गरीब वस्तीत एका बाईने क्लोरोफॉर्म नाकारलं आणि नंतर सहजपणे सांगितलं की दुखलं नाही, दुखायचं असतं का? त्या एका प्रसंगावरून त्यांची विचारसाखळी सुरू झाली, असं ते सांगतात. निसर्गतः प्रसूती वेदनारहित असते. भीती काढली की वेदना जाते. आता तर्क बघा. भीती काढली आणि तरी दुखलं, तर? सिद्धान्त चुकला असं म्हणायची सोयच नाही, कारण उत्तर तयार आहे : भीती पुरती गेली नव्हती. बाई आपल्या मनाचा तळ दाखवू शकत नाही, म्हणून ती हे खोडू शकत नाही. ज्या विधानाला कोणताही अनुभव खोडू शकत नाही, त्याचा भार नेहमी अनुभव घेणाऱ्यावर पडतो.

डिक-रीडच्या पुस्तकात आणखी एक पात्र आहे, ‘आदिम’ स्त्री. ती रानात जाते, सहज बाळंत होते, मूल घेऊन कामाला लागते. सुशिक्षित बाई भीतीने बिघडली, ही बिघडलेली नाही. याचं आपल्याकडचं रूप आपण सगळ्यांनी ऐकलंय : पूर्वी बायका शेतात बाळंत व्हायच्या आणि संध्याकाळी भाकऱ्या थापायच्या. पुण्यात हे वाक्य विशेष आवडीने बोललं जातं, आणि ते बोलणाऱ्याने शेतात काम केलेलं नसतं. एखादी तशी बाळंत झाली असेल, नाही कुठे म्हणतोय? पण गावाला बाळंतपणाचं भय नव्हतं, हे मात्र गावाच्या तोंडचं नाही. बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंतीण होते, हडळ होते, ही समजूत कुठून आली? पाचवीच्या रात्री सटवाईची पूजा, बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी लोखंड, उशाशी विळा, हे सगळं निर्भय समाज करतो का? बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्या आज्या म्हणायच्या, त्यातला हिशेब सरळ आहे : पहिला जन्म संपण्याची शक्यता त्यांनी मोजली होती. २०१८ ते २०२० या काळातल्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला, देशात ९७. हे आकडे आज एवढे खाली आलेत ते रक्तपेढी, ऑक्सिटोसिन, ॲम्ब्युलन्स आणि वेळेवर झालेली शस्त्रक्रिया यांच्यामुळे. भीती ओसरली ती या मागोमाग. ज्यांना दवाखाना दहा मिनिटांवर आहे, त्यांनाच ‘निसर्गावर विश्वास ठेवा’ हे वाक्य परवडतं.

बरं, मग परिणाम होतो की नाही? इथे काकतालीय न्याय आठवायला हवा. कावळा बसला, ताडफळ पडलं. तयारी केली, प्रसूती चांगली झाली. दोन्ही खरं, मधला ‘म्हणून’ सिद्ध व्हायचा आहे. आपल्या नैयायिकांनी अन्वय-व्यतिरेक सांगितला तो यासाठीच. जिथे कारण आहे तिथे कार्य आहे, आणि कारण नाही तिथे कार्य नाही, दोन्ही बाजू बघा. सुखद कथा फक्त अन्वय दाखवतात. व्यतिरेकाला दोन गट लागतात, आणि कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरावं लागतं.

तसं झालेलं आहे. डेन्मार्कमध्ये पहिलटकरणींवर मोठा प्रयोग झाला, १२२२ बायका. निष्कर्ष २०१३ च्या सुमारास आले. एका गटाला स्व-संमोहनाचे तासा-तासाचे तीन धडे, दुसऱ्याला शिथिलीकरणाचे, तिसऱ्याला नेहमीची देखभाल. पाठीतलं भुलीचं इंजेक्शन, म्हणजे एपिड्युरल, तिन्ही गटांत साधारण ३० टक्के बायकांनी घेतलं. फरक नाही. ब्रिटनमध्ये ६८० बायकांवरचा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला : संमोहन शिकलेल्यांत एपिड्युरल २७.९ टक्के, न शिकलेल्यांत ३०.३, हा फरक योगायोगाने पडण्याइतका लहान. २०१६ चा कॉक्रेन आढावा नऊ प्रयोग आणि २९५४ बायका एकत्र करून सांगतो, की एकूण वेदनाशामकांचा वापर थोडा कमी होत असावा, एपिड्युरलचा नाही.

इथे काही मित्र टाळी वाजवून म्हणतील, झालं, थोतांड आहे. थांबा. डेन्मार्कच्या त्याच प्रयोगात संमोहन शिकलेल्या बायकांनी आपला प्रसूतीचा अनुभव इतर दोन्ही गटांपेक्षा चांगला सांगितला. ब्रिटनमध्ये दोन आठवड्यांनी विचारलं, तर आधी वाटलं होतं त्या मानाने भीती आणि चिंता या गटात कमी निघाली. औषध तेवढंच लागलं, पण आठवण वेगळी राहिली. पहिला बाण होता तिथेच होता. दुसरा कमी लागला. आम्हाला हे लहान यश वाटत नाही. भीती कमी होणं ही स्वतःच एक चांगली गोष्ट आहे, तिला वेदनाशामक म्हणून विकायची गरज का पडावी? मेलझॅक यांनी १९८१ मध्ये प्रशिक्षित बायकांच्या वेदना मोजल्या आणि निबंधाच्या मथळ्यातच सांगून टाकलं, की तयारीनंतरही प्रसूती दुखतेच. तरी तयारी व्यर्थ असं त्यांनी म्हटलं नाही. एवढा प्रामाणिक मथळा क्लासच्या जाहिरातीवर छापला, तर आमची तक्रार निम्मी संपेल.

संमोहनाने शरीर खरोखर बधिर होतं का, याची एक मोठी परीक्षा आपल्याच देशात झाली होती. जेम्स एस्डेल या स्कॉटिश डॉक्टरने १८४५ मध्ये बंगालातल्या हुगळीला मेस्मेरिझमखाली शस्त्रक्रिया सुरू केल्या, मोठमोठ्या गाठी काढल्या. ईथर आणि क्लोरोफॉर्म यायच्या आधीची ही गोष्ट. पहिला रोगी तुरुंगातला कैदी. पुढेही बहुतेक गरीब लोक, आणि त्यांना तासन्‌तास झापड आणायचं काम एस्डेलचे देशी साहाय्यक करत. तिथे एक गोरा साहेब आणि एक बंदिवान होता. आजच्या क्लासमधली मुलगी स्वतःच स्वतःला सूचना देते. सूचना देणारा बाहेरून आत आला, ही प्रगतीच. फक्त एवढंच, की बाहेरचा साहेब चुकला तर त्याला दोष देता येत होता.

आता या पद्धतीच्या घराण्यातली एक शाखा सांगतो, कारण ती आपल्याकडे कोणी सांगत नाही. सोव्हिएत युक्रेनमध्ये खारकोव्हला वेल्वोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाव्हलोव्हच्या आधाराने मांडलं, की प्रसूतिवेदना ही शब्दांनी घडवलेली सवय आहे; शिकवून ती मोडता येते. १९५१ मध्ये तिथल्या सरकारने ही पद्धत देशभर लागू केली. त्याच वर्षी फर्नां लामाझ हे फ्रेंच डॉक्टर ती पाहून आले आणि पॅरिसला त्यांनी ती सुरू केली. कुठे? धातुकामगारांच्या संघटनेने चालवलेल्या प्रसूतिगृहात. म्हणजे वेदनामुक्त प्रसूती ही तिथे कामगारांच्या बायकांची मागणी होती, संघटना त्यासाठी खर्च करत होती. पुढे शीला किट्झिंगर यांनी नोंदवलं, की लामाझच्या नोंदींत बायकांना श्रेण्या दिलेल्या असत, उत्कृष्टपासून पूर्ण अपयशापर्यंत. ओरडणं, तळमळणं यावर श्रेणी ठरायची. परीक्षा तिथेही होतीच. पण निदान फी संघटनेने भरली होती.

पुण्यात आल्यावर ही पद्धत एकटी राहत नाही, तिला इथे मोठी बहीण भेटते : गर्भसंस्कार. डॉ. बालाजी तांबे यांचं ‘आयुर्वेदीय गर्भसंस्कार’ हे पुस्तक मराठी मध्यमवर्गात किती घरांत आहे हे आम्ही वेगळं सांगायला नको. डोहाळजेवणाला ओटीत नारळाबरोबर ते पडलेलं आम्ही पाहिलं आहे. आहाराचे, विश्रांतीचे, मन प्रसन्न ठेवण्याचे त्यातले सल्ले कोणाला नको असतील? पण दोन्हींचा रोख निराळा आहे. हिप्नोबर्थिंग आईशी बोलतं. गर्भसंस्कार आईच्या आडून गर्भाशी बोलतो. आता बरेच क्लास दोन्ही एका पॅकेजमध्ये देतात, आणि मुलीवर दुहेरी अभ्यास पडतो. स्वतःचं बाळंतपण शांत मनाने करायचं, आणि त्याच मनाने पोटातल्या बाळाची बुद्धी, स्वभाव, कान घडवायचे. नऊ महिन्यांत एक दिवस चिडचीड झाली, ऑफिसात साहेबाशी भांडण झालं, तर दोन जिवांचं नुकसान केल्याची बोच.

या विचाराचा आधार म्हणून अभिमन्यूची गोष्ट हमखास सांगतात. पोटात असताना त्याने चक्रव्यूह ऐकला. सुभद्रेला झोप लागली, म्हणून बाहेर पडायचं राहिलं. ही गोष्ट नीट ऐका. एक गरोदर बाई रात्री झोपली, आणि त्याची शिक्षा म्हणून सोळा वर्षांनी तिचा मुलगा मारला गेला. सहा महारथी, जयद्रथाने अडवलेली वाट, पोराला पुढे घालणारा धर्मराज, सगळे सुटले. झोप लागली ती आई सापडली. गंमत म्हणजे महाभारतात द्रोणपर्वात अभिमन्यू स्वतः सांगतो, की वडिलांनी मला व्यूह भेदायला शिकवलं, संकटात बाहेर पडायला शिकवलं नाही. तिथे सुभद्रेच्या झोपेचा उल्लेख नाही. ज्या गावात भांडारकर संस्थेने चिकित्सक आवृत्तीवर जवळजवळ अर्धं शतक घालवलं, त्या गावात तरी सुभद्रेला या आरोपातून मोकळी करायला हवी. (हशा.) हसण्यावारी नेऊ नका, गरोदरपणी झोप येते, आणि ती यायला हवी.

आणि पुंसवनाचं काय, ते संस्कारच आहे ना, असं कोणी विचारेल. हो, आणि त्याचा शब्दार्थ पुत्रप्राप्तीशी बांधलेला आहे. ज्या राज्यात गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला, तिथे संस्कारांच्या यादीतलं हे नाव मिटल्या डोळ्यांनी पुढे नेता येत नाही. यापेक्षा जास्त आज त्यावर बोलत नाही, तो स्वतंत्र विषय आहे.

परंपरेत शोधायचंच असेल तर दुसरीकडे बघू. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात सूतिकागाराचं वर्णन आहे. तिथे बाळंतिणीजवळ कोण असावं? अनेकदा बाळंत झालेल्या, मायेच्या, कामात हुशार, न कंटाळणाऱ्या बायका. त्यांनी तिला धीर द्यावा, कंबर-पाठ चोळावी; कळ नसताना जोर काढू देऊ नये. एकीने कानात मंत्र सांगावा, हेही आहे. म्हणजे धीराचं वाक्य ही कालची युक्ती नाही. शिवाय तिथे एक छान वाद आहे. काही आचार्य म्हणतात, कळा येत असताना बाईने मुसळ घेऊन धान्य कांडावं. आत्रेय म्हणतात, छे, या वेळी एवढे कष्ट नकोत, थोडं चालणं-फिरणं पुरे. दोन हजार वर्षांपूर्वीचे वैद्यही एकमेकांचं खोडत होते, हे आम्हाला त्यांच्या उत्तरांपेक्षाही मोलाचं वाटतं.

त्या मायेच्या बायका मुख्य आहेत. सोबतीविषयीचा २०१७ चा कॉक्रेन आढावा बघा : २६ प्रयोग, १५,८५८ बायका. प्रसूतीभर सतत कोणी सोबत असेल तर सिझर कमी होतात, प्रसूतीला वेळ कमी लागतो, अनुभव वाईट ठरायचं प्रमाण घटतं. संमोहनाच्या पुराव्यापेक्षा हा पुरावा कितीतरी दणकट आहे, आणि याला क्लास लागत नाही, ध्वनिमुद्रण लागत नाही. दाराशी ‘नातेवाइकांना आत प्रवेश नाही’ ही पाटी तेवढी काढावी लागते. सुखद कथा पुन्हा वाचा. जवळजवळ प्रत्येकीत कोणीतरी पाठ चोळतंय. कथा श्रेय श्वासाला देते. आम्हाला शंका आहे की निम्मं श्रेय त्या हाताचं असावं. नैयायिक याला उपाधी म्हणतील : धूर दिसला, पण तो ओल्या लाकडामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीच्या देखभालीविषयी ५६ शिफारशी केल्या, आणि मथळ्यातच ‘सकारात्मक प्रसूती-अनुभव’ हे शब्द घातले. तिथे सकारात्मक म्हणजे काय? तिच्या मनाची तयारी नव्हे. सोबत, आदराने बोलणं, काय चाललंय ते सांगणं, हिंडू-फिरू देणं, हवी ती स्थिती घेऊ देणं, मागेल तिला वेदनाशमन. त्यात शिथिलीकरणही आलं आणि एपिड्युरलही आलं. तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असा हट्ट नको, हेही त्यात आहे. सगळी जबाबदारी खोलीबाहेरच्या लोकांवर. आपल्या केंद्र सरकारनेही २०१७ च्या डिसेंबरात ‘लक्ष्य’ कार्यक्रम आणला, त्यात सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीण आणि आडोसा यांचा समावेश आहे. कागदावर आहे. सरकारी दवाखान्यात एका हॉलमध्ये चार-चार बायका कळा देत असतात, मध्ये पडदा नसतो, आणि ओरडली तर तिला नको ते ऐकवलं जातं, हे तिथे बाळंत झालेल्या कोणत्याही बाईला विचारा. त्या बाईने सुखद कथा का लिहिली नाही याचं उत्तर तिच्या श्वासात शोधणार का?

खाजगीकडे वेगळं दुखणं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९–२१ मध्ये, देशभरात सिझरचं प्रमाण २१.५ टक्के निघालं. सरकारी दवाखान्यांत १४.३, खाजगीत ४७.४. महाराष्ट्राचं एकूण २५.४. खाजगीत जाणाऱ्या बायका सरकारीत जाणाऱ्यांपेक्षा तिपटीने घाबरट असतात का? आईचं वय, आधीचं सिझर, गुंतागुंत असलेल्यांची निवड यांनी काही फरक पडतो, मान्य. काही जणी स्वतःहून मागतात, तेही मान्य, आणि तो त्यांचा हक्क. पण उरलेला फरक वेळापत्रकात आहे, रात्री भूलतज्ज्ञ मिळण्या-न-मिळण्यात आहे, एकट्या डॉक्टरने चालवलेल्या छोट्या प्रसूतिगृहाच्या अडचणीत आहे, खटल्याच्या धास्तीत आहे आणि बिलातही आहे. हे सगळं तसंच ठेवून मुलीला ‘मन शांत ठेव’ सांगणं म्हणजे खड्डे तसेच ठेवून स्कूटरवाल्याला ध्यान शिकवणं.

म्हणून क्लास लावू नका असं आम्ही म्हणतोय का? नाही. ज्या मुलीला रात्री झोप लागत नाही तिला त्या ध्वनिमुद्रणाने झोप येत असेल तर तेवढ्यासाठीही ते घ्यावं. फक्त तेवढेच कष्ट सातव्या महिन्यात दवाखान्यात जाऊन विचारण्यातही घालावेत. प्रसूतीच्या खोलीत माझ्याबरोबर कोण येऊ शकेल? आई आणि नवरा आळीपाळीने चालतील का? चालता-फिरता येईल का, की पहिल्या तासापासून सलाईन लावून आडवं? पहाटे तीन वाजता एपिड्युरल मागितलं तर द्यायला माणूस आहे का? तुमच्याकडे शंभरातली किती सिझर होतात? शेवटच्या प्रश्नावर काही ठिकाणी डॉक्टर रागावतात. रागावले तर रागावू द्या, ते उत्तरच आहे.

आणि त्या कथा लिहीत राहा, ही विनंती. पण अर्धवट राहिलेल्याही लिहा. ध्वनिमुद्रण मध्येच बंद करून जी जोरात ओरडली तिची, एपिड्युरल घेऊन जी दोन तास छान झोपली तिची, जिचं सिझर झालं आणि जिला त्यात काही कमी वाटलं नाही तिची. ससूनमध्ये बाळंत झालेलीची आणि बाणेरच्या दवाखान्यातलीची एकाच ठिकाणी वाचायला मिळाली तर आमच्यासारख्यांना व्यतिरेकाची बाजूही दिसेल. ‘कळ’ हा शब्दही राहू द्या त्यांत. लाट म्हणायची असेल तीही म्हणा. जिला जो शब्द उपयोगी पडेल तो.

वेळ झाली आहे. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या बाईंनी अभिमन्यूच्या वेळी हात वर केला होता, आधी त्या बोलतील.